नवा रस्ता झाला आणि सगळेच उशिरा पोचले

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मधे एक फोटो फिरत होता, "एआयने बनवलेलं भविष्यातलं पुणे". काचेचे टॉवर, प्रत्येक बाल्कनीत झाड, आकाशात उडणाऱ्या टॅक्स्या आणि खाली एकदम स्वच्छ चौक. तो चौक मी झूम करून बघितला. बसस्टॉप नाही, वडापावची गाडी नाही, फुटपाथवर एकही दुचाकी चढलेली नाही, आणि गंमत म्हणजे रस्ता ओलांडायला झेब्रा क्रॉसिंगसुद्धा नाही. खाली कमेंट, "आता एआयच शहरं डिझाइन करणार, नगरसेवकांची गरज नाही". त्यावर बारा अंगठे.

हे चित्र काढणारं एआय आणि शहराचं नियोजन करायला वापरतात ते एआय यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. पहिलं चित्रं बघून चित्रं काढतं. दुसऱ्याला कुठून कुठे किती माणसं जातात, कधी जातात, पाणी कुठे तुंबतं, असले कंटाळवाणे आकडे लागतात. आणि ते काही ठिकाणी खरंच उपयोगी पडतंय, उगाच नावं ठेवायला नकोत. गूगलचा ग्रीन लाइट नावाचा प्रकल्प आहे, त्यात मॅप्सच्या डेटावरून सिग्नलची वेळ दोनचार सेकंद इकडेतिकडे करायच्या सूचना पोलिसांना देतात. बंगळुरू, हैदराबाद, कोलकात्यात तो वापरात आला, आणि गाड्यांचं थांबणं ३० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं असा कंपनीचा दावा आहे. नवीन पूल नाही, खोदकाम नाही, स्वस्तात काम झालं, छान.

पण सिग्नलचं टायमिंग जमलं म्हणून शहराचा नकाशाही जमेल असं लोक धरून चालतात तिथे घोटाळा आहे. डेटातल्या दोषांबद्दल बरंच लिहून झालंय त्यामुळे पटकन सांगतो. २०२० मधे सायमन वेकर्ट नावाच्या कलाकाराने बर्लिनमधे एका हातगाडीत ९९ चालू फोन भरले आणि रिकाम्या रस्त्यावरून निवांत ओढत नेले, तर मॅप्सवर तो रस्ता लालभडक झाला. बॉस्टनमधे स्ट्रीट बंप नावाचं ॲप होतं, गाडीला धक्का बसला की फोन आपोआप खड्ड्याची नोंद करायचा, पण अशा ॲपला खड्डे जास्त सापडणार ते स्मार्टफोन आणि गाड्या जास्त असलेल्या भागांत. आपल्याकडे हातगाडीवाला, पायी शाळेत जाणारी पोरं, सिटी बसला लटकलेले लोक या डेटात जवळपास दिसतच नाहीत. हे सगळं खरंच आहे, पण मला त्याहून भारी वाटतो तो पुढचा प्रॉब्लेम, कारण तो डेटा अगदी शंभर टक्के शुद्ध असला तरी राहतो.

पुण्यात "मिसिंग लिंक" हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे. डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, रस्ता दाखवलाय पण मधला तुकडा झालेलाच नाही, तो जोडला की ट्रॅफिक सुटेल, असं आपण रिक्षावाल्यापासून आमदारापर्यंत सगळ्यांकडून ऐकतो. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण नेहमी नाही, आणि का नाही हे बघायला एक छोटं गणित करूया, सातवीचं गणित पुरे.

समजा पश्चिमेला वस्ती आहे आणि पूर्वेला आयटी पार्क. सकाळी ३००० गाड्या इकडून तिकडे जातात. जायला दोन मार्ग. उत्तरेच्या मार्गावर आधी एक अरुंद पूल लागतो आणि मग लांबचा पण ऐसपैस बायपास. दक्षिणेच्या मार्गावर उलटं, आधी ऐसपैस बायपास आणि मग शेवटी अरुंद पूल. बायपासला कितीही गाड्या आल्या तरी ३५ मिनिटंच लागतात. पुलाचं तसं नाही, तिथे जितक्या गाड्या तितका वेळ: गाड्यांच्या आकड्याला १०० ने भागा, तेवढी मिनिटं. म्हणजे १००० गाड्या असतील तर १० मिनिटं, २००० असतील तर २०.

दोन्ही मार्ग सारखेच असल्याने गाड्या निम्म्या निम्म्या वाटल्या जातात. पुलावर १५०० गाड्या, १५ मिनिटं, अधिक बायपासची ३५, एकूण ५०. सगळे ५० मिनिटांत ऑफिसला. कुरकुर करत, पण पोचतात.

आता महापालिकेने मधली लिंक जोडली. उत्तरेचा पूल संपतो तिथून थेट दक्षिणेचा पूल सुरू होतो तिथपर्यंत एक मिनिटाचा कडक काँक्रीट रस्ता. उद्घाटन झालं, नारळ फुटला. पहिला माणूस नव्या रस्त्याने गेला, पहिला पूल १५, लिंक १, दुसरा पूल १५, एकूण ३१ मिनिटं! १९ मिनिटं वाचली. तो ऑफिसात जाऊन सगळ्यांना सांगणारच ना.

दुसऱ्या आठवड्यात १००० जण नव्या रस्त्याला लागले, निम्मे उत्तरेचे निम्मे दक्षिणेचे. पण नव्या रस्त्याने जाणारा माणूस दोन्ही पूल वापरतो, एक नाही, त्यामुळे दोन्ही पुलांवर आता १५०० ऐवजी २००० गाड्या झाल्या. नव्या रस्त्याला २० + १ + २० म्हणजे ४१ मिनिटं, अजूनही फायदाच. पण जे बिचारे जुन्याच मार्गाने जातायत त्यांना २० + ३५, म्हणजे ५५. त्यांनी काहीच बदललं नाही आणि त्यांची ५ मिनिटं गेली. मग तेही वैतागून नव्या रस्त्याला येतात. २००० जण आले की नवा रस्ता ५१ मिनिटांचा होतो, म्हणजे लिंक होण्याआधीपेक्षा वाईट, पण जुना मार्ग तोपर्यंत ६० वर गेलेला असतो, त्यामुळे परत कोणी जात नाही, उलट राहिलेलेही येतात. शेवटी सगळे ३००० नव्या रस्त्यावर: ३० + १ + ३० म्हणजे ६१ मिनिटं. कोणी एकटा शहाणपणा करून जुन्या मार्गाने गेला तर त्याला ३० + ३५ म्हणजे ६५. म्हणून कोणीच हलत नाही.

पन्नासाचे एकसष्ट झाले, तेही रस्ता वाढवून, आणि यात एकही माणूस मूर्खासारखा वागलेला नाही. एकही गाडी वाढलेली नाही हेही लक्षात घ्या. रस्ते झाले की गाड्या वाढतात हा मुद्दा वेगळा, तो इथे धरलेलाच नाहीये.

याला ब्रेसचा विरोधाभास म्हणतात. डिट्रिश ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मधे तो मांडला. कोणालाही एकट्याने मार्ग बदलून फायदा होत नाही अशी जी स्थिती येते तिला वॉर्ड्रॉपचा समतोल म्हणतात, त्या इंग्रज माणसाने ती कल्पना १९५२ मधेच लिहून ठेवली होती. समतोल म्हटलं की आपल्याला काहीतरी चांगलं झालंय असं वाटतं. इथे तो फक्त "सगळे अडकले" एवढंच सांगतो.

हे फक्त माणसांच्या स्वार्थामुळे होतं असं वाटत असेल तर स्प्रिंगा घ्या. १९९१ मधे कोहेन आणि होरोविट्झ या दोघांनी दाखवलं की छताला एक स्प्रिंग, तिच्याखाली छोटी दोरी, दोरीखाली दुसरी स्प्रिंग आणि शेवटी वजन टांगायचं, शिवाय दोन ढिल्या दोऱ्या, एक छतापासून खालच्या स्प्रिंगच्या वरच्या टोकाला, दुसरी वरच्या स्प्रिंगच्या खालच्या टोकापासून वजनाला. आता मधली छोटी दोरी कापली तर वजन खाली यायला पाहिजे ना? मापं नीट घेतली असतील तर ते वर जातं! कारण कापण्याआधी दोन्ही स्प्रिंगा एकाखाली एक होत्या आणि प्रत्येकीवर पूर्ण वजन होतं, कापल्यावर त्या शेजारी शेजारी झाल्या आणि वजन निम्मं निम्मं वाटलं गेलं. मधली दोरी म्हणजे आपली मिसिंग लिंक. हा प्रयोग शाळेत करायला काय हरकत आहे, दोन स्प्रिंगा आणि सुतळी लागते.

आता एआयकडे या. लिंक होण्याआधीचा पाच वर्षांचा डेटा मशीनला दिला, प्रत्येक मिनिटाचा, प्रत्येक गाडीचा, एकही चूक नसलेला. मशीन काय शिकणार? पुलाला १५ मिनिटं लागतात. रोज तेच दिसलंय, कधी १४, कधी १६. मग तुम्ही विचारलं की लिंक जोडली तर किती वेळ लागेल, ते सांगणार ३१. खरं उत्तर ६१. पुलावर ३००० गाड्या आल्यावर काय होतं हे त्याने आयुष्यात कधी बघितलेलंच नाही, आणि लिंक जोडल्यावर माणसं मार्ग बदलतील हे जुन्या डेटात कुठे लिहिलेलं नाही. डेटा दुप्पट केलात तरी तो जुन्याच शहराचा. अजून ठामपणे ३१ सांगेल, एवढाच फरक.

म्हणून या विषयात मुरलेले लोक आधी वागण्याचं मॉडेल बनवतात. मॅटसिम नावाची एक खुली प्रणाली आहे, झुरिक आणि बर्लिनच्या विद्यापीठांतून वाढलेली. तिच्यात लाखो आभासी माणसं असतात, प्रत्येकाचं दिवसाचं वेळापत्रक असतं, पोराला शाळेत सोड, ऑफिस, येताना भाजी. एक आभासी दिवस चालवायचा, कोणाचा किती खोळंबा झाला त्याप्रमाणे प्रत्येकाला गुण, मग थोड्या लोकांना मार्ग, वेळ किंवा वाहन बदलू द्यायचं आणि तोच दिवस परत चालवायचा. असं शेकडो वेळा, गुण सुधारायचे थांबेपर्यंत. म्हणजे वर आपण कागदावर केलं तेच, फक्त प्रचंड मोठं. इथे ३१ चे ६१ होताना स्क्रीनवर दिसतात.

मग एआयचं काम काय? इथे ते खरंच कामाला येतं. समजा शहरात २० प्रस्तावित लिंक आहेत आणि त्यातल्या कुठल्या बांधायच्या ते ठरवायचंय. प्रत्येक लिंक वेगळी तपासून चालत नाही, कारण एक एकटी वाईट आणि दुसरीबरोबर चांगली असू शकते. तेव्हा सगळी कॉम्बिनेशन्स बघायची तर ती होतात १०,४८,५७६. एका रनला, म्हणजे असं मॉडेल एकदा पूर्ण चालवायला, एक तास धरला तर जवळपास १२० वर्षं, एवढ्यात सहा डीपी येऊन जातील. म्हणून काही हजार रन करून त्यावर न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम, शिकवतात, ते बाकीच्यांची उत्तरं क्षणात अंदाजाने सांगतं, आणि त्यातली आशादायक निवडून परत पूर्ण मॉडेलवर तपासायची. फोटोतल्या काचेच्या टॉवरपेक्षा हे मला कितीतरी रोमांचक वाटतं, पण याचा फॉरवर्ड कोण करणार.

प्रत्यक्षात रस्ता काढून फायदा झाल्याची उदाहरणं देतात त्यातली काही जरा जपून घ्यावीत. न्यूयॉर्कची ४२वी स्ट्रीट २२ एप्रिल १९९० ला वसुंधरा दिनासाठी बंद ठेवली तर ट्रॅफिक उलट सुरळीत चालला, हे उदाहरण सगळीकडे वाचायला मिळतं. कॅलेंडर काढून बघा, तो रविवार होता. सोलमधे चोंगेचॉन ओढ्यावरचा उंच रस्ता, ज्यावरून रोज दीड लाखाहून जास्त गाड्या जायच्या, २००३ मधे पाडायला घेतला आणि २००५ मधे तिथे ओढा मोकळा झाला. शहर ठप्प होईल म्हणत होते, झालं नाही. पण मधल्या २००४ मधे त्यांनी बससेवा मुळापासून बदलली होती, त्यामुळे सगळं श्रेय ब्रेसला देता येत नाही. त्यापेक्षा २००८ चा एक अभ्यास मला जास्त पटतो, तिघा भौतिकशास्त्रज्ञांनी बॉस्टन, लंडन आणि न्यूयॉर्कचे खरे नकाशे घेऊन हिशोब केला आणि प्रत्येक शहरात असे मोजके रस्ते सापडले की जे बंद केले तर एकूण वेळ कमी होतो. प्रत्येकाने आपापलं बघितल्यामुळे बॉस्टनमधे वाया जाणारा वेळ वाईटात वाईट परिस्थितीत ३० टक्क्यांपर्यंत जात होता.

आपल्याकडे चौकात ट्रॅफिक तुंबला की वास्तुदोष काढणारे महाभाग आहेतच, ईशान्येला कारंजं बसवा म्हणतात. त्यांना हसणारेच लोक "एआयने सांगितलंय" म्हटलं की मान डोलावतात. दोघांनाही मी एकच विचारेन, हे उत्तर कुठल्या गणितातून आलं ते दाखवा.

आता आपल्या ३००० गाड्यांकडे परत. लिंक बांधून झालीये, पाडायची का? गरज नाही. गणित केलं तर असं निघतं की लिंकवरून बरोबर ४०० गाड्याच सोडल्या तर त्यांना ३५ मिनिटं लागतात, बाकीच्या २६०० ना ५२, आणि सरासरी ४९.७, म्हणजे ५० पेक्षा किंचित चांगली. ४०० हा आकडा मशीन चुटकीसरशी काढून देईल. त्या ४०० गाड्या कोणाच्या, हे मात्र ते सांगत नाही, आणि सांगूही नये. टोल भरेल त्याच्या? सम-विषम नंबरच्या? नगरसेवकांच्या?

मला विचाराल तर कोणाच्याच नाही, लिंक फक्त बसला द्या. एका गाडीत सरासरी दीड माणूस धरा. १००० गाड्यांतले लोक म्हणजे १५०० माणसं, ४० जणांच्या ३८ बसमधे बसतात. एक बस तीन गाड्यांएवढी जागा खाते असं धरलं तरी पुलावर आता ११०० च्या आसपासच गाड्यांचा भार. कारवाले ४६ मिनिटांत पोचतात, लिंक नव्हती तेव्हापेक्षा लवकर. बसला ११ + १ + ११, म्हणजे २३ मिनिटं. स्टॉपवर थांबायची अजून दहा धरा आणि बसची वाट बघायची दहा, तरी कारच्या आत. फक्त ती बस दर पाच मिनिटांनी यायला हवी आणि लिंकच्या तोंडाशी एक पोलीस उभा पाहिजे, कारण दुचाक्या घुसणारच.