उजेड तिप्पट झाला, रस्ता मात्र दिसेना

पावसाळ्यात रात्री ताम्हिणी उतरायची आणि गाडीचे लाईट असे की साइडपट्टी कुठे संपते ते अंदाजाने ठरवायचं, या वैतागातून मी जुन्या हॅचबॅकला एचआयडी म्हणजे झेनॉनचं किट बसवून घेतलं. फिटर म्हणाला, साहेब, दिवस उजाडेल बघा. पार्किंगमध्ये खरंच उजाडला, पण हायवेला लागलो तर समोरून येणारा जो तो अप्पर (हाय बीम) मारतोय, आणि मी तर लो बीमवरच, म्हणजे डिपरवर!

दुसऱ्या दिवशी जुना आणि नवा बल्ब टेबलावर शेजारी ठेवले आणि मग हळूहळू ट्यूब पेटली.

जुना बल्ब एच४ जातीचा हॅलोजन. तो लो बीमला ५५ वॅट खातो आणि साधारण १००० लुमेन (हे उजेडाचं माप) उजेड देतो, बाकी बरीचशी वीज उष्णतेत जाते कारण शेवटी ती टंगस्टनची तापलेली तारच. झेनॉनमध्ये तारच नाही. मटाराच्या दाण्याएवढी क्वार्ट्झची कुपी, आत दोन इलेक्ट्रोड, मध्ये जेमतेम ४ मिलिमीटर अंतर, आणि दाबाखाली भरलेला झेनॉन वायू नि थोडे धातूंचे क्षार. बॅलास्ट, म्हणजे बल्बला लागेल तशी वीज पुरवणारा डबा, सुरुवातीला २० हजार व्होल्टच्या वरचा झटका देतो, त्या फटीत ठिणगीची कमान पेटते, आधी निळसर दिसते, मग काही सेकंदांत क्षारांची वाफ होते आणि रंग बसतो. एकदा पेटली की ८५ व्होल्टच्या आसपास भागतं. ३५ वॅटमध्ये ३००० लुमेन! बीएमडब्ल्यूने १९९१ मध्ये सेव्हन सीरिजला हे पहिल्यांदा दिलं ते काही उगाच नाही.

पण त्यांनी नुसता बल्ब बदलला नव्हता, अख्खा हेडलाईट त्यासाठी बनवला होता.

एच४ चा बल्ब नीट बघा. आत दोन तारा असतात आणि लो बीमच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. तारेचा जो उजेड खाली पडेल तो रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर आपटून वर, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यात जाणार, तो ही वाटी अडवते. म्हणजे डिपरवर रिफ्लेक्टरचा खालचा भाग मुद्दाम रिकामा ठेवलेला असतो. वाटीच्या कडेमुळेच भिंतीवर उजेडाची ती आडवी रेघ उमटते, आणि डावीकडे तीच रेघ वर चढते, कारण आपण डावीकडून चालवतो आणि कडेने चालणारा माणूस आधी दिसायला हवा.

किटच्या बल्बमध्ये ही वाटी म्हणजे बाहेरून अडकवलेला पत्रा. अप्पर मारलं की टक् आवाज करत बल्बच मागेपुढे सरकतो. कमान तारेपेक्षा जाड, गरम वायू वर उठतो म्हणून मध्ये वर वाकलेली, आणि दोन टोकांना जास्त प्रखर. रिफ्लेक्टरचा आरसा वळवलाय तो तारेची जागा मिलिमीटरच्या हिशोबात धरून, तिथे हा पाहुणा आणून बसवला तर उजेड फाकणारच.

मलाही तोटाच झाला, हे जास्त लागलं. बोनेटपुढचे दहा-पंधरा मीटर लख्ख, त्याने बाहुल्या आकसतात आणि पुढचं वळण आणखी काळं होतं. पावसात तर फाकलेला उजेड थेंबांवरून परत आपल्याच तोंडावर. त्यात मी हौसेने ८००० केल्व्हिनवाला घेतलेला. केल्व्हिन हा रंगाचा आकडा, उजेडाचा नव्हे. कंपनी फिटिंगचा झेनॉन ४३०० च्या आसपास असतो, त्याच्यावर जाल तसा निळा होतो आणि लुमेन उलट घटतात.

युरोपात २००० लुमेनच्या वरच्या लो बीमला आपोआप लेव्हल होणारी यंत्रणा आणि हेडलाईटची काच धुणारे फवारे लागतात, कारण डिकीत चार पोती कांदे टाकले की गाडीचं तोंड वर जातं, आणि काचेवरचा चिखलही उजेड फाकवतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये असे बदल करायला मनाई आहे, पण काउंटरवर हे सांगतंय कोण.

शेवटी किट काढलं आणि मल्टीमीटर लावला. बॅटरीवर १३.८ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर १२.१! बारीक जुनी वायर आणि स्विच मिळून पावणेदोन व्होल्ट खात होते. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त उजेड वायरिंगमध्येच मुरत होता. रिले टाकले, म्हणजे दिव्यांची वीज स्विचमधून न जाता थेट बॅटरीतून येते, जाड वायर ओढली, पिवळी पडलेली काच पॉलिश केली, बल्ब तोच साधा ६०/५५ वॅटचा. मग सोसायटीच्या भिंतीसमोर गाडी लावून स्क्रू फिरवत फोकस लावला, रेघ जागेवर आली.

परवा परत ताम्हिणी उतरलो, पाऊस होताच. वळणावर समोरून एसटी आली, तिने डिपर दिला, मी दिला, निघून गेली.