बाँड स्ट्रीटवरचा आवाज

‘लढाई संपली, घरी परतला, आता हळूहळू विसरेल,’ असे सैनिकाबद्दल सर्रास बोलले जाते. ही समजूत किती अपुरी आहे, हे व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘मिसेस डॅलोवे’ (१९२५) या कादंबरीतील सेप्टिमस हा युद्धावरून परतलेला सैनिक वाचताना जाणवते. जून १९२३ मध्ये, म्हणजे महायुद्ध संपून साडेचार वर्षे झाल्यावर, लंडनच्या बाँड स्ट्रीटवर एका मोटारीचा मोठा आवाज होतो. इतर लोक आत कोण बसले आहे ते पाहू लागतात. सेप्टिमस मात्र जागीच खिळतो आणि आता सारे काही पेट घेणार, असे त्याला वाटू लागते.

मेंदूतील अमिग्डाला हा बदामाएवढा भाग आवाज आणि धोका यांची सांगड फार लवकर घालतो, आणि खंदकात त्यामुळेच जीव वाचतो. पुढे तोच आवाज वारंवार होऊनही काही वाईट घडले नाही, तर भीती ओसरते. पण ती पुसली जात नाही. विझलेला प्रतिसाद काही काळाने आपोआप परततो, हे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांना कुत्र्यांवरील प्रयोगांत दिसले होते. जुनी सांगड शाबूतच राहते आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स ‘आता धोका नाही’ हे नव्याने शिकून अमिग्डालाला आवर घालतो. खरी मेख अशी, की हे नवे शिकणे जागेशी बांधलेले असते आणि जागेची ओळख हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग पटवतो. एका पिंजऱ्यात भीती ओसरलेला उंदीर दुसऱ्या पिंजऱ्यात तोच आवाज ऐकून पुन्हा थिजतो. २००२ मध्ये व्हिएतनाम युद्धातील सैनिक आणि युद्धावर न गेलेले त्यांचे एकसारखे जुळे भाऊ यांची तुलना झाली, तेव्हा युद्धाच्या आघातातून येणारा हा भीतीचा आजार तीव्र असलेल्या सैनिकांप्रमाणेच त्यांच्या भावांचाही हिप्पोकॅम्पस लहान आढळला. म्हणजे जोखमीचा काही भाग युद्धाआधीचाच असावा.

सेप्टिमसला उद्यानात एव्हन्स हा युद्धात मारला गेलेला मित्र दिसतो. आपल्याकडे अशा माणसाला ‘झपाटलेला’ ठरवून देवऋषीकडे नेतात, आणि त्यात उपचारांची मोलाची वर्षे वाया जातात. या आजाराला आघातोत्तर तणाव विकार हे अधिकृत नाव अमेरिकेच्या मानसोपचार नियमावलीत १९८० मध्ये मिळाले. आज प्रशिक्षित तज्ज्ञ टाळलेल्या आठवणींना आणि जागांना रुग्णाला टप्प्याटप्प्याने, पुन्हा पुन्हा सामोरे नेतात, आणि हे केवळ दवाखान्याच्या खोलीत न थांबता बाजारात, रस्त्यावर, गर्दीतही करवून घेतात. सेप्टिमसच्या डॉक्टरांनी त्याला काहीही झालेले नाही, असे सांगून क्रिकेट खेळायला सुचवले होते.