ना बाटली, ना सामना: स्पोर्ट्स बारच्या रीलमागची गोष्ट

आयपीएलच्या दिवसांत मुंबई-पुण्यातल्या एखाद्या स्पोर्ट्स बारचं इन्स्टाग्राम खातं उघडून बघा. शेवटची ओव्हर चालू आहे. कॅमेरा स्क्रीनच्या खाली कुठेतरी ठेवलाय आणि त्याचं तोंड टेबलांकडे आहे. निळ्या जर्सीतला एक जण डोक्याला हात लावून बसलाय, मागे वेटर ट्रे धरून जागच्या जागी थबकलाय, आणि मग एकदम अख्खा हॉल उठून उभा राहतो. पंधरा-वीस सेकंदांत संपलं. यात बॉल कुठे गेला ते दिसत नाही आणि टेबलावरच्या बाटलीचं लेबलही दिसत नाही. ज्या धंद्याचा गल्ला क्रिकेट आणि दारूवर भरतो, त्याच्या जाहिरातीत दोन्ही गायब. यात कल्पकता आहेच, पण त्याहून जास्त कायदा आहे.

दारूची बाजू जुनी आहे. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा, जो आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो, त्याच्या कलम 24 नुसार लोकांना दारूकडे ओढणारी जाहिरात प्रसिद्ध करता येत नाही. बलसारा खटल्यात 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा बराचसा भाग कायम ठेवला, पण दारूची नुसती प्रशंसा करण्यावरची बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात जाते म्हणून रद्द केली. म्हणजे वाखाणलं तर चालेल, ‘या, प्या’ म्हणायचं नाही. रीलखाली कॅप्शन लिहिणाऱ्या पोरापोरींना ही केस ठाऊक असण्याची शक्यता नाही, पण ‘व्हाइब’, ‘माहोल’, ‘सीन’ असल्या शब्दांवर ते रोज जी कसरत करतात ती याच फटीतली आहे. पुढे केबल टीव्हीच्या नियमांनी 2000 सालापासून टीव्हीवरच्या दारूच्या जाहिराती पूर्ण बंद केल्या आणि सोडा, सीडी, पाण्याच्या बाटल्या यांच्या आडून ब्रँड दाखवायचा जमाना आला. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये या आडमार्गाच्या जाहिरातींनाही मनाई केली.

उपग्रह वाहिन्यांआधीच्या काळातल्या परमिट रूमला तसंही जाहिरातीचं वावडंच होतं. काळ्या काचा, मंद दिवे, आत कोण बसलंय ते रस्त्यावरून दिसू नये अशी सगळी रचना. मॅच बघायची तर लोक टीव्हीच्या शोरूमच्या काचेसमोर उभे राहायचे. हे दोन्ही एका छताखाली यायला उपग्रह वाहिन्या याव्या लागल्या. बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात फेब्रुवारी 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारचा एकाधिकार नाही, असा निकाल दिला आणि क्रिकेट दूरदर्शनच्या मुठीतून सुटलं. तरी बारवाल्यांना सुरुवातीला खरा हात दिला तो इंग्लिश फुटबॉलने, असं माझं मत. कारण साधं आहे: भारतात होणारा कसोटी सामना ऑफिसच्या वेळेत, तर प्रीमियर लीगचे सामने आपल्याकडे शनिवार-रविवारच्या संध्याकाळी आणि रात्री. लिव्हरपूल, आर्सेनल, युनायटेडचे मुंबईतले चाहते ठरवून एखादा बार गाठायचे. क्रिकेटची वेळ जुळली ती 18 एप्रिल 2008 ला आयपीएल सुरू झाल्यावर. रात्रीच्या जेवणाच्या वेळेला तीन-साडेतीन तासांचा खेळ, तोही दीड-दोन महिने. बारमालकाला याहून सोयीचं काय हवं?

मग रील आली, आणि तिची वेळही विलक्षण साधली गेली. टिकटॉकवर बंदी आली 29 जून 2020 ला. 8 जुलैला इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या, तेव्हा मर्यादा 15 सेकंदांची. सप्टेंबरात यूट्यूब शॉर्ट्सची चाचणीही आधी भारतातच झाली. इकडे कोरोनामुळे मार्चपासून कुलूप लागलेले महाराष्ट्रातले बार 5 ऑक्टोबरला निम्म्या क्षमतेने उघडले, आणि तिकडे अमिरातीत रिकाम्या स्टेडियममध्ये आयपीएल ऐन रंगात आलेली. जाहिरातीला पैसे नाहीत, गिऱ्हाईक यायला धजावत नाही, हातात फोन मात्र आहे. टेबलांमधलं अंतर, मास्क लावलेले वेटर, उघड्या गच्चीवरची स्क्रीन हे दाखवायला फुकटचं साधन मिळालं. पुढे निर्बंध उठले, पण व्हिडिओची सवय सुटली नाही.

सामना न दाखवण्याचं कारण वेगळं. आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. कॉपीराइट कायद्याच्या कलम 37 प्रमाणे प्रक्षेपणावर प्रसारकाचा 25 वर्षं हक्क असतो आणि त्याचं चित्रण करणं हाही त्या हक्काचा भंग ठरू शकतो. एवढे पैसे मोजलेली कंपनी स्क्रीनवरून मोबाइलने टिपलेले चार चेंडूही सोडत नाही. क्लिप उतरवली जाते, वारंवार घडलं तर खातं धोक्यात. म्हणून कॅमेरा उलटा फिरला. गंमत म्हणजे त्याने रीलचं भलंच झालं. सिक्स तर सगळ्यांनी पाहिलेला असतो, तो बघणारी माणसं पाहिलेली नसतात. 2018 च्या फुटबॉल विश्वचषकात लंडनच्या क्रॉयडनमधल्या बॉक्सपार्क या खाण्यापिण्याच्या ठिकाणी इंग्लंडच्या गोलनंतर बिअरचे ग्लास हवेत उडतानाचे व्हिडिओ जगभर फिरले. त्यांतही बघायचा होता तो लोकांचा गोंधळच.

ट्रेंडिंग गाण्याचीही अशीच अडचण. व्यावसायिक खात्यांना इन्स्टाग्राम बहुतेक लोकप्रिय गाणी वापरू देत नाही. मग फूड इन्फ्लुएन्सरला जेवायला बोलवायचं, त्याच्या खात्यावरून रील टाकायची. याला धंद्यात ‘बार्टर कोलॅब’ म्हणतात. जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या नियमांनुसार फुकट जेवणाच्या बदल्यात केलेली रीलही जाहिरातच आणि तसं तिच्यावर लिहायला हवं. किती जण लिहितात ते तुम्हीच बघा.

बारने गर्दी विकायला घेतली त्याला अजून एक कारण आहे. 2022 चा फुटबॉल विश्वचषक आणि 2023 ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट दिसली. मॅच खिशातच आली, तर ती बघायला बारपर्यंत कशाला जायचं? उरला तो शेजारच्या टेबलावरचा अनोळखी माणूस, ज्याला विकेट पडल्यावर टाळी द्यायची. 18 डिसेंबर 2022 ला, रविवारी रात्री साडेआठला अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा बारवाल्यांना हेच विकायचं होतं. (फुटबॉलवेड्या कोल्हापूरकरांना यासाठी बार लागत नाही. तालमी आणि पेठा तिथे केव्हापासून हे काम करताहेत.)

हाच कॅमेरा उलटतोही. जून 2024 मध्ये पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका बारच्या स्वच्छतागृहातला, तरुण अमली पदार्थ घेत असल्याचा आरोप झालेला व्हिडिओ पसरला आणि बारवर कारवाई झाली, पोलिसही निलंबित झाले. अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा जीव घेतलेल्या कल्याणीनगरच्या पोर्शे अपघाताला तेव्हा जेमतेम महिना झाला होता आणि अल्पवयीन मुलांना दारू कोण देतं यावरून शहर आधीच तापलेलं होतं.

वयाचा प्रश्न रीललाही चिकटलेला आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला 21 वर्षं, बाकी दारूला 25. इन्स्टाग्रामवर खातं उघडायला 13 पुरतात. व्यावसायिक खात्याला फॉलोअरचं किमान वय ठरवून देण्याची सोय इन्स्टाग्रामवर आहे. पण तसं केलं की रीच (म्हणजे रील पाहणाऱ्यांची संख्या) घटते, आणि सोशल मीडिया सांभाळणाऱ्याचा हिशोब महिनाअखेरीला रीचवरच होतो.