चिठ्ठ्यांचं वाचनवर्ष: वर्षभराचं वाचन कसं आखाल?
वाचक-सभासदांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

येत्या जानेवारीपासून नाशिकमधल्या आपल्या वाचनालयात चिठ्ठ्यांचं वाचनवर्ष सुरू होतंय. फलक लावल्यापासून काउंटरवर एकच प्रश्न येतोय, 'म्हणजे नेमकं करायचं काय?' संध्याकाळच्या गर्दीत, एका हातात पावतीपुस्तक आणि दुसऱ्या हातात परत आलेली पुस्तकं असताना हे नीट सांगता येत नाही. म्हणून सगळं इथे सविस्तर लिहिलंय. घरी नेऊन निवांत वाचा.

चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव नसतं, पुस्तकाची फक्त खूण असते. 'तुमच्या जन्मवर्षी पहिल्यांदा छापलेलं पुस्तक.' 'दुसऱ्या भारतीय भाषेतून मराठीत आलेलं.' 'घरात वर्षानुवर्षं न वाचता पडून असलेलं.' त्या खुणेत बसणारं पुस्तक तुम्ही शोधायचं, वाचायचं आणि चिठ्ठीसमोर त्याचं नाव लिहायचं. इंग्रजी वाचणारी मंडळी याला प्रॉम्प्ट म्हणतात. अमेरिकेतल्या बुक रायट या संकेतस्थळाचा 'रीड हार्डर' हा असा उपक्रम 2015 पासून चालतोय. त्यात वर्षाला 24 खुणा असतात. दर आठवड्याला एक अशा 52 खुणांच्या याद्याही असतात. कॉलेज रोडवरची मुलंमुली त्या याद्या मोबाइलवर घेऊन आमच्याकडे यायची आणि त्यात बसणारं मराठी पुस्तक मागायची. पुस्तकं सापडायची, पण खुणा तिकडच्या कपाटांना बेतून केलेल्या. दिवाळी अंकाला त्यात जागा नाही, संतवाङ्मयाला नाही, ग्रामीण कथेला नाही. म्हणून आम्ही आपल्या 24 चिठ्ठ्या केल्या. त्यातल्या कुठल्याही 12 तुम्ही निवडायच्या.

हे कशासाठी?

वाचणाऱ्या माणसाचा हात सवयीच्या कपाटाकडे जातो. आम्ही हे रोज पाहतो. आमचे एक जुने सभासद, कारखान्यातून निवृत्त झालेले काका, दर शनिवारी ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या कपाटापाशी उभे राहायचे. त्या कपाटातलं बहुतेक सगळं त्यांचं दोनदा वाचून झालेलं. गेल्या वर्षी आम्ही पाच-सहा घरांपुरता हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा त्यांना 'नाटक, पण मोठ्याने वाचून' ही चिठ्ठी आली. त्यांनी थोडं नाराजीनेच वसंत कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' नेलं. पुढच्या शनिवारी काकू सोबत आल्या. रात्री जेवणं झाल्यावर दोघांनी पात्रं वाटून घेतली होती, आणि काकूंना आता असं नाटक हवं होतं ज्यात बाईला जास्त बोलायला मिळेल. पुस्तकात पेन्सिलीने बारीक खुणा होत्या, कुणाचं वाक्य कुठून सुरू होतं त्याच्या. एरवी आम्ही पुस्तकात खुणा करू देत नाही. त्या आम्ही खोडल्या नाहीत.

सवयीच्या कपाटात काही वाईट नाही. पण शेजारच्या कपाटापर्यंत जायला कुणीतरी हाक मारावी लागते. चिठ्ठी ती हाक मारते.

आधी आपला वेग बघा

किती पुस्तकं वाचीन हे ठरवण्याआधी एक आठवडा फक्त मोजा. रोज रात्री कुठल्या पानावर थांबलात ते खूणपट्टीवर लिहा. रोजची 15 पानं होत असतील तर महिन्याची साडेचारशे झाली, म्हणजे सव्वादोनशे पानांची दोन पुस्तकं. रोजची 8 झाली तरी महिन्याला 240 होतात, म्हणजे एक पुस्तक आरामात. 12 चिठ्ठ्या आम्ही याच हिशोबाने ठेवल्या. ज्यांचा वेग जास्त आहे त्यांनी खुशाल 24 घ्याव्यात. पण कुणाशी तरी बोलता बोलता 52 चा आकडा मनात धरून आला असाल तर कृपा करून आमचं ऐका आणि आधी आठवडाभर मोजा.

हे मी अनुभवाने सांगतोय. पहिल्या वर्षी मी 52 खुणांची यादी घेतली आणि जानेवारीच्या पहिल्या रविवारी सगळ्या 52 पुस्तकांची नावं शाईने लिहून टाकली. सहा आठवडे छान गेले. मग यादीतलं एक पुस्तक छपाईतून गेलेलं, म्हणजे आता छापलंच न जाणारं निघालं, आणि दुसऱ्याचे दोन खंड निघाले. रंगपंचमीला रहाडी, म्हणजे रंगाचे जुने दगडी हौद, उघडल्या तेव्हा मी बराच मागे होतो. त्या काळात हातातलं प्रत्येक पुस्तक वाचताना मन पुढच्या पुस्तकाकडे असायचं. वाचनालय चालवणाऱ्या माणसाला पुस्तकाचं ओझं वाटावं, याचं मला फार वाईट वाटलं.

त्यातून एक नियम हाती आला, आणि सगळ्या माहितीपत्रकातली ही एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे: चिठ्ठ्या वर्षाच्या ठरवा, पुस्तकं तीन महिन्यांचीच ठरवा. आमच्या कार्डावर चिठ्ठ्या छापलेल्या असतील, पण पुस्तकाच्या नावाची जागा रिकामी असेल. पहिल्या तीनच ओळी भरा, आणि त्याही पेन्सिलीने. एप्रिलमध्ये तुमच्या मनात काय असेल ते जानेवारीत ठाऊक नसतं. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेत एखादं भाषण ऐकाल आणि त्या विषयावरचं पुस्तक हवंसं वाटेल, त्याला जागा नको का?

आपल्या वर्षाप्रमाणे वाटणी

सगळे महिने सारखे नसतात. दिंडोरी-निफाडकडचे आमचे बागायतदार सभासद द्राक्षांची तोड चालू असताना, जानेवारी ते एप्रिल, जाड कादंबरी नेत नाहीत. नेली तरी ती गाडीच्या डॅशबोर्डवर ऊन खात पडते. त्यांनी या दिवसांत कथा, कविता, ललित लेख असं तुकड्या-तुकड्याने वाचता येणारं घ्यावं आणि मोठं पुस्तक पावसाळ्यासाठी ठेवावं. सातपूर-अंबडला पाळीत काम करणाऱ्यांचा वेग रात्रपाळीच्या आठवड्यात अर्ध्यावर येतो, हेही धरून चाला. घरात दहावी-बारावी असेल तर मार्चपर्यंत एकच चिठ्ठी ठेवा. जून ते ऑगस्ट हा जाड पुस्तकांचा खरा मोसम. बाहेर पडणं कमी होतं आणि हजार पानं केव्हा सरतात ते कळत नाही.

दिवाळीत आमच्याकडे कादंबऱ्या कपाटातच राहतात, सगळ्यांना अंक हवे असतात. म्हणून 'दिवाळी अंक' ही स्वतंत्र चिठ्ठी आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा मराठी वाचकाचा हक्काचा फराळ आहे. पण चिठ्ठी भरायची तर एक अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा, भविष्यासकट. चाळलेले चार अंक धरले जाणार नाहीत.

नाशिकची चिठ्ठी

24 पैकी ही एक चिठ्ठी सगळ्यांनी घ्यावी असा आमचा आग्रह आहे: 'नाशिकच्या माणसाने लिहिलेलं किंवा नाशिकमध्ये लिहून झालेलं पुस्तक'. ही चिठ्ठी आपल्या कपाटांना इतकी भरभरून लागू पडते की काय घ्यावं असा प्रश्न पडावा.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली. 9 फेब्रुवारी 1933 ला गुरुवारी सुरुवात केली आणि 13 तारखेला सोमवारी पहाटे लिखाण पूर्ण झालं. लहानपणी वाचलंय म्हणून बाजूला ठेवू नका. हे पाच दिवस डोळ्यांसमोर ठेवून, त्याच तारखांना, रोज थोडं थोडं वाचून बघा. दिवस तुरुंगात काढणाऱ्या माणसाला रात्री आई आठवतेय, हे मोठेपणी वाचताना वेगळं लागतं.

कुसुमाग्रजांसाठी तारीख वेगळी शोधायला नको. 27 फेब्रुवारी हा त्यांचा जन्मदिवस आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळतो. 1942 चा 'विशाखा' हा कवितासंग्रह किंवा 1970 मध्ये रंगभूमीवर आलेलं 'नटसम्राट', दोन्हीच्या जादा प्रती आम्ही त्या आठवड्यासाठी राखून ठेवतो. कानेटकर तर इथल्याच हंसराज प्रागजी ठाकरसी (हं. प्रा. ठा.) महाविद्यालयात प्राध्यापक होते. बाबूराव बागूल नाशिकजवळच्या विहितगावचे. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा कथासंग्रह 1963 चा. तो वाचायला मन घट्ट करावं लागतं, आणि म्हणूनच तो वाचावा. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्मही नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांची 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1937 या काळात चार भागांत आली. शाळेत धडा वाचून जी बाई आपल्याला ओळखीची वाटते, ती पूर्ण पुस्तकात किती खळखळून हसते आणि केवढं सोसते, ते बघा.

छपाईचं पान कसं वाचावं

'तुमच्या जन्मवर्षी छापलेलं' या चिठ्ठीवर सर्वांत जास्त गोंधळ होतो. मुखपृष्ठ उलटा, मग पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव असलेलं पान उलटा. त्याच्या पाठीमागे बारीक अक्षरांत प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठकार आणि आवृत्त्या दिलेल्या असतात. तिथे 'पहिली आवृत्ती' या शब्दांपुढचं साल धरायचं. 'पुनर्मुद्रण' किंवा 'सातवी आवृत्ती' यांपुढचं नाही. काही पुस्तकांवर फक्त शेवटच्या आवृत्तीचं साल असतं. तशा वेळी लेखकाच्या प्रस्तावनेखालची तारीख बघा, किंवा आमच्याकडे या. आम्ही दाखल-नोंदवही काढून जुनी प्रत शोधून देतो.

1939 च्या आजोबांना विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' आहे. 1955 साठी व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. 1959 ला तर 'ययाति' आणि 'फकिरा' दोन्ही. 1963 वाले बागूल घेऊ शकतात किंवा नेमाड्यांचं 'कोसला'. 1967 चं 'मृत्युंजय', 1978 चं 'बलुतं'. दोन हजारनंतर जन्मलेल्यांनी थेट काउंटरवर यावं, सोबत बसून शोधू.

थोडे नियम

एक पुस्तक एकाच चिठ्ठीला. 'स्मृतिचित्रे' नाशिकच्या चिठ्ठीतही बसतं आणि 'बाईने लिहिलेलं आत्मचरित्र' यातही, पण दोन्हीकडे लिहायचं नाही. दुसऱ्या चिठ्ठीसाठी दुसरं शोधायचं, तिथेच तर नवीन पुस्तक भेटतं. ऐकलेलं पुस्तक चालेल. ज्यांची नजर अधू आहे त्यांना घरातल्या कुणी वाचून दाखवलेलं तर नक्कीच चालेल. अनुवादाच्या चिठ्ठीत मूळ लेखकाबरोबर अनुवादकाचंही नाव लिहायचं. भैरप्पांचं कन्नड 'पर्व' आपल्याला मराठीत मिळालं ते उमा कुलकर्णी यांच्यामुळे, आणि ते नाव कार्डावर असायलाच हवं.

पुस्तक आवडलं नाही तर? 40 पानं वाचा. तरीही मन लागेना तर निःसंकोच परत आणा. त्यासाठी कुठलाही दंड नाही, उरलेल्या दिवसांत दुसरं न्या. चिठ्ठीच नको असेल तर वर्षातून दोनदा ती बदलून मिळेल, त्यासाठी काउंटरवर डबा ठेवलाय. तुमची नको असलेली चिठ्ठी त्यात टाका, दुसऱ्याने टाकलेली उचला.

पुस्तक कुठून मिळवायचं

चिठ्ठी हाती आली की लगेच विकत घ्यायला धावू नका. आधी घरचं कपाट, मग नातेवाइकांचं, मग आमचं. आमच्याकडे नसेल तर आम्हीच तुम्हाला सार्वजनिक वाचनालयात पाठवू. 1840 पासूनची ती संस्था आहे. जुनं, दुर्मीळ पुस्तक तिथे सापडण्याची आशा आमच्यापेक्षा जास्त. सोसायटीत किंवा कार्यालयात कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी येत असेल तर तीही उघडून बघा. वाचून झाल्यावर जे पुस्तक घरात कायम हवंसं वाटेल ते जरूर विकत घ्या. आम्ही मागवून देतो.

छपाईतून गेलेलं पुस्तक महिनाभर शोधूनही मिळालं नाही, तर चिठ्ठी तीच ठेवून पुस्तक बदला.

कार्डं 26 डिसेंबरपासून काउंटरवर मिळतील. सभासदांना वेगळं शुल्क नाही. येताना तुमचं सभासद-कार्ड, आठवडाभर मोजलेल्या पानांचा आकडा, आणि घरात न वाचता पडलेल्या निदान एका पुस्तकाचं नाव घेऊन या. पहिली चिठ्ठी त्यावरूनच भरू. मुलांची कार्डं वेगळ्या रंगाची आहेत, त्यांच्या चिठ्ठ्या सहाच. मागितलेलं पुस्तक दहा दिवस तुमच्या नावाने बाजूला ठेवलं जाईल. सोमवारी वाचनालय बंद असतं. इतर दिवशी संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत चिठ्ठ्यांसाठी एक जण खास बसलेला असेल.