विमानातल्या रेडिओचा परवाना: अर्ज, कागदपत्रे आणि सेटवरचा हात

बारामती, धुळे किंवा गोंदियाला वैमानिक प्रशिक्षणासाठी गेलेल्या मुलांना लवकरच कळतं, की विमान उडवण्याचा परवाना वेगळा आणि विमानातून रेडिओवर बोलण्याचा वेगळा. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिक परवाना हवा असेल तर हा दुसरा, एफआरटीओएल, लागतोच. त्यासाठी आधी आरटीआर (ए) ही परीक्षा उत्तीर्ण व्हावं लागतं.

पूर्वी ही परीक्षा दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा घेत असे. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि ती डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आली. त्यामुळे आधीच्या बॅचच्या मित्रांकडून आलेले अर्जाचे नमुने बाजूला ठेवा. शुल्क आणि तारखा डीजीसीएच्या ताज्या सूचनेतूनच घ्या.

वयाचं गणित सोपं आहे: विद्यार्थी वैमानिक परवान्याला १६, खासगी परवान्याला १७ आणि सीपीएलला १८ वर्षं पूर्ण हवीत. इंग्रजीत आयकाओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची, किमान चौथी पातळी लागते आणि चौथ्या पातळीवर दर तीन वर्षांनी पुन्हा चाचणी द्यावी लागते.

आता कागदपत्रं. खरी अडचण इथे येते, म्हणून सावकाश वाचा. डीजीसीएच्या परीक्षांसाठी आधी कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थीचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. त्याला दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, त्यांची बोर्डाकडून पडताळणी, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सही लागते. आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुधा स्वतःचं नाव आधी असतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना निराळाच. माझ्या ओळखीच्या एका मुलाच्या वडिलांच्या नावात एका कागदावर ‘राव’ होतं, दुसऱ्यावर नव्हतं. तेवढ्यावर त्याचा अर्ज परत आला. सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडून अक्षर न् अक्षर जुळवा, आणि दुरुस्ती प्रशिक्षणाला जाण्याआधीच उरकून घ्या. बोर्डाच्या पडताळणीलाही वेळ धरून ठेवा.

परीक्षेत रेडिओचं ज्ञान आणि नियमाप्रमाणे बोलणं, दोन्ही पाहतात. बोलण्याची भाषा पाठ करता येते, सेट मात्र हाताळावाच लागतो. प्रशिक्षणाच्या जुन्या सेसना विमानांत केएक्स १५५ हा सेट हमखास दिसतो. त्यावर दोन खिडक्या असतात: एकीत चालू फ्रिक्वेन्सी, दुसरीत राखीव. बाहेरचा मोठा नॉब मेगाहर्ट्झ बदलतो, आतला छोटा किलोहर्ट्झ. छोटा नॉब आत असेल तर आकडा ५० किलोहर्ट्झने सरकतो, बाहेर ओढला की २५ ने. ११८.१२५ लावायचं असेल आणि नॉब आतच राहिला, तर नवखा मुलगा तो नुसता फिरवत बसतो. आवाजाचा नॉब ओढला की स्क्वेल्च, म्हणजे एरवी खरखर दाबून ठेवणारी सोय, उघडतो आणि खरखर ऐकू येते. ती आली की हेडफोन आणि आवाजाची पातळी ठीक आहे, असं समजायचं.

नवी फ्रिक्वेन्सी नेहमी राखीव खिडकीत लावा, मग बटण दाबून अदलाबदल करा. जुनी हाताशी राहते. बटण दाबून लगेच बोलू नका. आधी ऐका, कारण दुसऱ्याच्या बोलण्यावर आपण बोललो तर दोघांचंही वाया जातं. १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी, आणि रेडिओ बंद पडल्यावर ट्रान्सपॉन्डरवर (विमानाचा कोड रडारला कळवणाऱ्या यंत्रावर) लावायचा ७६०० हा कोड, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

सेटसाठीही वेगळा परवाना असतो, पण तो विमान चालवणाऱ्या संस्थेने घ्यायचा असतो. तुमचं काम निकालानंतरचं: डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर एफआरटीओएलचा अर्ज भरायचा. आरटीआर उत्तीर्ण झाल्याचा आणि इंग्रजीच्या पातळीचा दाखला तेव्हा हाताशी ठेवा, आणि अर्जात नाव कॉम्प्युटर नंबरवर आहे तसंच लिहा.