बारा इंची वूफर आणि गाण्यातले शब्द

गेल्या चवथीला गोव्यात डिचोलीच्या घरी मी स्वतः बनवलेले स्पीकर पहिल्यांदा वसरीत लावले. खालच्या सुरांना १२ इंची वूफर, वरच्या सुरांना छोटा डोम ट्वीटर, आणि क्रॉसओव्हर, म्हणजे आवाज एकाकडून दुसऱ्याकडे जातो ती जागा, ३००० हर्ट्झला. नाट्यपदं लावली. माटोळीसमोर बसलेले काका एकदम खूश, आणि बाजूला स्वयंपाकघराच्या दारात नेवऱ्या भरत बसलेली काकी म्हणाली, "आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहीत."

तिथे जाऊन बसलो तर काकीचं खरंच होतं.

मोठा वूफर जड असतो म्हणून 'स्लो' असतो, त्याला मिडरेंज, म्हणजे मधले सूर, जमत नाही, असं खूप जण सांगतात आणि मला ते पटत नाही. जड कोनाला जास्त जोर लागतो, तो मोठ्या मॅग्नेटने मिळतो. वरच्या सुरांत त्याला अडवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात, एक व्हॉइस कॉइलचा (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा) इंडक्टन्स, म्हणजे वरच्या सुरांच्या करंटला होणारा तिचा विरोध, दुसरी ब्रेकअप म्हणजे अख्खा कोन एकत्र न हलता त्याचे भाग वेगवेगळे थरथरायला लागतात ते, आणि तिसरी बीमिंग, म्हणजे आवाज सगळीकडे न पसरता समोर झोतासारखा जातो ते. काकीला नडली ती ही तिसरी.

आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब, तिच्यापुढे १२ इंची कोन म्हणजे काहीच नाही, त्यामुळे बेस घरभर पसरतो. पण १२ इंचीचा प्रत्यक्ष हलणारा कोन साधारण २६ सेंटिमीटरचा असतो आणि १३०० हर्ट्झच्या आसपास लाटही तेवढीच होते. त्याच्या वर गेलं की बाजूला बसलेल्याकडे कोनाच्या जवळच्या कडेचा आवाज आधी आणि लांबच्या कडेचा उशिरा पोचतो आणि दोन्ही एकमेकांना खायला लागतात. गणित केलं तर ४५ अंशांवर २३०० हर्ट्झच्या आसपास जवळजवळ काहीच उरत नाही. खऱ्या कोनात इतका साफ खड्डा पडत नसेल, पण स, च, त, ट ही व्यंजनं ओळखायला लागणारा बराचसा आवाज २००० च्या वरच असतो, म्हणून शब्द गेले.

मग मिडरेंजला छोटा ड्रायव्हर, म्हणजे वेगळा छोटा कोन, घ्यायचा का? घेता येतो, १२ इंचीला ३००-४०० पर्यंतच ठेवून वर ५-६ इंची लावला की प्रश्न सुटतो. पण मला मोठ्या कोनाचा मिड सोडवत नाही. साडेसहा इंचीपेक्षा १२ इंचीचं क्षेत्रफळ चौपट असतं, म्हणून तेवढ्याच आवाजाला तो चौथा हिस्साच हलतो आणि तबल्याची थाप, घुमट या वाद्याचा ठोका, भरून गायलेली तान काहीच दबल्यासारखं वाटत नाही.

आणि यात एक सुंदर गोष्ट आहे. लाट कोनाच्या व्यासाएवढी झाली की आवाजाचा झोत साधारण ९० अंशांचा होतो, म्हणजे तिथेच ट्वीटरऐवजी ९० अंशांचा हॉर्न (कर्ण्यासारखं तोंड) जोडला तर वूफर आणि हॉर्न दोघंही खोलीत सारखाच आवाज टाकतात, सांधा कुठे आहे ते कळत नाही! १२ इंचीला ती जागा १३०० हर्ट्झ, १५ इंचीला साधारण १०००. हॉर्नचं तोंड मात्र जवळजवळ वूफरएवढं रुंद घ्या, आणि हॉर्नच्या मागे बसणारा कॉम्प्रेशन ड्रायव्हर इतक्या खाली झेपतो का ते त्याच्या डेटाशीटमध्ये आधी बघा, सगळे झेपत नाहीत.

वूफर कुठला? कारचा सबवूफर नको, त्याचा इंडक्टन्स जास्त. मंडपात वापरतात तसला पीए वूफर बघा, हलका कागदी कोन आणि कापडी कडा. कापडी कडेचं मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्या पावसाळी दमटपणात फोमची कडा काही वर्षांत भुगा होते. खोकंही एमडीएफचं (दाबलेल्या लाकडी भुशाच्या बोर्डाचं) करू नका, पाणी लागलं की फुगतं, मरीन प्लाय घ्या.

खोकं कायमचं चिकटवायच्या आधी मोबाईलवरून बातम्या लावा, फक्त बोलणं, आणि समोरून हळूहळू बाजूला चालत जा. 'स' कुठे बोथट होतो तिथे खडूने खूण करा, क्रॉसओव्हर थोडा खाली आणा, परत चाला. माझ्या वसरीत आता ती खूण स्वयंपाकघराच्या दाराच्या पलीकडे गेलीय.