तांबेऱ्याला पुरून उरलेला ओट कशाने मेला?

दुकानदाराने 'वाण रोगप्रतिकारक आहे' म्हटलं की आपण निर्धास्त होतो. मला मात्र अमेरिकेतल्या आयोवा राज्याचा ओट आठवतो. (आपल्याकडे गाईम्हशींना ओटचा हिरवा चारा घालतात, तेच हे पीक.)

ओटचा जुना वैरी तांबेरा. पानावर बोट फिरवलं की नारिंगी पूड लागते. ही बुरशी जिवंत पेशीवरच जगते. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या 'व्हिक्टोरिया' वाणात तिला रोखणारं जनुक सापडलं, आणि १९४०च्या दशकात अमेरिकेत त्याच्या वंशातल्या वाणांनी शेतंच्या शेतं भरली. मग १९४६च्या सुमारास एक नवाच करपा आला. मेली ती नेमकी व्हिक्टोरियाची पिलावळ!

पेशीत पहारेकरी प्रथिनं असतात. घुसखोराची चाहूल लागली की ती पेशीला आत्महत्या करायला लावतात. पेशी मेली की तांबेरा उपाशी मरतो. करप्याच्या नव्या बुरशीचं पोट मात्र मेलेल्या पेशींवरच भरतं. ती 'व्हिक्टोरिन' नावाचं विष सोडते, पहारेकरी खवळतो, पेशी जीव देते आणि बुरशीला पंगत वाढलेली मिळते. २००७ मध्ये मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिसमध्ये झाडाला व्हिक्टोरिनचा बळी करणारं जनुक सापडलं, तेही पहारेकऱ्यांच्याच 'एनबी-एलआरआर' घराण्यातलं. ओटमध्ये तांबेऱ्याचा प्रतिकार आणि करप्याची बाधा हे दोन गुण वेगळे करायला पैदासकार वर्षानुवर्षं झटले. ते सुटलेच नाहीत.

मग नजर वळली ती आव्हेना स्टेरिलिस या रानटी ओटकडे. भूमध्य समुद्राकाठी माजणारं हे तण. कुसळं लांब, केसाळ. दाणा पिकला की गळून मातीत. पण गुणसूत्रं आपल्या ओटइतकीच, ४२, त्यामुळे संकर जमतो. तांबेऱ्याच्या शेजारातच वाढल्यामुळे त्याच्या झाडाझाडांत प्रतिकाराची वेगवेगळी जनुकं मिळतात. 'रानटी ते सगळं निरोगी' या फॉरवर्डवर मात्र जाऊ नका, त्यातल्याही कित्येक झाडांना तांबेरा होतोच. पीसी-३८, पीसी-३९, पीसी-६८ ही जनुकं याच रानातली. कॅनडाच्या वाणांत ती घातली, काही वर्षं टिकली, आणि तांबेऱ्याने त्यांच्यावरही मात केली.

आयोवाने १९६८ मध्ये वेगळी युक्ती केली. उंचीला सारखे, एकाच वेळी पिकणारे, पण प्रतिकाराचं जनुक प्रत्येकाचं निराळं, असे ओटचे भाऊबंद एकाच पिशवीत मिसळून विकले. एका झाडावर जम बसवलेल्या तांबेऱ्याची पूड वाऱ्याने उडून शेजारच्या झाडावर पडते, आणि तिथे बऱ्याचदा तिची डाळ शिजत नाही.